एक जानेवारीची माणसं

मी टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात चुका शोधायच्या, त्या लिहून काढायच्या आणि वर त्याचाच पगार घ्यायचा. असल्या माणसाला कोण जीव लावणार? ऑफिसात मला सगळे 'खुसपट' म्हणतात. बायकोला हे नाव इतकं पटलं की आता घरीही तेच चालतं. तेव्हा हा खुसपट कुणाचं तरी कौतुक करायला बसलाय म्हणजे त्या माणसात तसंच काहीतरी असणार, एवढं धरून चला.

माणूस म्हणजे आमच्या मावशी.

मावशी आमच्या टीममध्ये आल्या तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. आमच्या धंद्यात पस्तिशी उलटलेल्या माणसाला लोक विचारतात, "अजून कोडच लिहिता?" जसं काही मिशा फुटल्यावरही पाळण्यात झोपतोय. मावशींनी आधीच्या कंपनीत चोवीस वर्षं गोदामांची सॉफ्टवेअर लिहिली. मग एका सोमवारी तो विभागच बंद झाला आणि मावशी घरी. पुढचं दीड वर्ष त्या मुलाखती देत फिरल्या. एकोणतीस मुलाखती! आकडा त्यांनीच मला सांगितला, बसमध्ये, खिडकीबाहेर बघत. आम्ही दोघं एकाच बसनं यायचो-जायचो, त्यामुळे त्यांच्या घरची सगळी खबर मला असायची.

"एकानं विचारलं, तरुण मुलांबरोबर जमेल का तुम्हाला?" मावशी म्हणाल्या. "मी म्हटलं, घरी दोन आहेत. त्यांच्याशी वीस वर्षं जमवतेय, अजून पुरतं जमलं नाही, पण सोडलं कुठं?"

"मग?"

"मग काय! कळवतो म्हणाला. अजून कळवतोच आहे."

घरी यजमान, ते शाळेत चित्रकला शिकवायचे. गरीब माणूस, बायकोला नोकरी नाही याचं दुःख बायकोला दिसू नये म्हणून दीड वर्ष उगाच शीळ घालत फिरला. आणि शेजारच्या घरात धाकटा दीर. तो रोज येऊन सांगायचा, "वहिनी, पुरे आता. हा पोरांचा जमाना आहे. मस्त आराम करा." मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "आराम म्हणे! मी काय मोडकी खुर्ची आहे, कोपऱ्यात सरकवून ठेवायला?"

तिसाव्या मुलाखतीत आमच्या साहेबांनी त्यांना घेतलं, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. काम पटलं तर कायम, नाहीतर नमस्कार. इथून परत पाठवलं तर एकतिसावी मुलाखत कुणी घेणार नाही, हे मावशींना स्वच्छ माहीत होतं.

आमचं काम असं होतं. समोरच्या मोठ्या दवाखान्याचं पेशंटच्या नोंदीचं सॉफ्टवेअर पंधरा वर्षं जुनं. ते काढून आम्ही नवीन बनवत होतो. रस्त्याच्या अलीकडे आमची इमारत, तिसरा मजला; पलीकडे दवाखाना. आमच्या खिडकीतून त्यांची नोंदणीची रांग दिसायची. दोन वर्षं मी ती रांग चहा पिताना बघत होतो. रस्ता ओलांडून तिकडे जावं असं आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नव्हतं.

टीमचा प्रमुख कप्तान. वय एकोणतीस. डोकं असं की जे काम मला समजायला दोन दिवस लागायचे ते त्याचं दुपारपर्यंत करून झालेलं असायचं. अडचण एकच, त्याला ते माहीत होतं.

पहिल्याच दिवशी पोरांनी पाठीमागे 'मावशी' नाव पाडलं. त्यांनी ऐकलं. चहाचा कप घेऊन सरळ पोरांच्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "मावशी म्हणायचं तर तोंडावर म्हणा. माझी हरकत नाही. पण मग मावशीचं ऐकावंही लागतं हं." पोरं खी-खी करत बसली. नाव मात्र कायमचं झालं. मावशी कायम झाल्या नव्हत्या, नाव झालं.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी जे केलं ते बघून कप्तानाचं रक्त तापायला लागलं. त्या कोडच लिहीनात! आठवड्यातले तीन दिवस सकाळी आठ वाजता रस्ता ओलांडून नोंदणीच्या खिडकीमागे स्टूल टाकून बसायच्या. तिथले कारकून काका वीस वर्षं त्या खिडकीवर. ते टाइप करायचे, या बघायच्या आणि वहीत काहीतरी खरडायच्या. अकराला परत आल्या की जुना कोड उघडून वाचत बसायच्या, बोट ठेवून, एकेक ओळ, पोथी वाचावी तसा.

"मावशी, तो कोड आपण फेकून देणार आहोत," कप्तान म्हणाला.

"म्हणूनच वाचतेय," मावशी म्हणाल्या. "फेकण्याआधी खिसे तपासावेत."

कप्तानानं माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मीही फिरवले. खोटं कशाला बोलू? मलाही वाटलं होतं, बाई वेळ काढतेय. आमच्याकडे दर शुक्रवारी भिंतीवरच्या पडद्यावर तक्ता लागायचा: कुणी किती काम उरकलं. मावशींची पट्टी इतकी आखूड की पोरं विचारायची, पडद्यावर डाग पडलाय का.

दीड महिन्यानं कप्तानानं त्यांना एक फुटकळ काम दिलं. पेशंटला द्यायच्या नंबराची चिठ्ठी छापायची, एवढंच. मावशींनी आठ दिवस घेतले. आणि चिठ्ठी माझ्याकडे आली तेव्हा मी बाह्या सरसावून बसलो. दोन दिवस मी त्या चिठ्ठीच्या मागे हात धुऊन लागलो होतो, पण एक चूक सापडेल तर शपथ! वर नंबर एवढा मोठा छापलेला की हातभर लांबून दिसावा.

"एवढा मोठा कशाला?" मी विचारलं. काहीतरी तर विचारायला हवंच होतं.

"रांगेतले निम्मे लोक चष्मा घरी विसरतात," मावशी म्हणाल्या. "मग शेजाऱ्याला विचारतात, शेजाऱ्यानंही आणलेला नसतो."

मी चिठ्ठी पास केली. पण गुपचूप, कुणाला कळू न देता. माझाही काही लौकिक आहे.

आता माझ्या पापाची गोष्ट.

जुनं सॉफ्टवेअर चालू झालं तेव्हापासून प्रोग्रामर आणि टेस्टर लोक त्यात खोटे पेशंट घालून बघत आलेत. तसं करू नये, पण सगळे करतात. मी तर त्यातला बादशहा. बटण चालतं का बघायचंय? घाल एक पेशंट. नाव 'अअअ'. नाव 'वांगं'. एकदा साहेबांवर चिडलो होतो तेव्हा 'साहेब भोपळे'. हे करताना जन्मतारखेचा रकाना कोण भरत बसणार? वर्ष ठोकायचं आणि पुढे जायचं. जुनं सॉफ्टवेअर मग आपणहून एक जानेवारी घालायचं. फोन नंबरही आम्ही मोकळाच सोडायचो. तर अशी आमची सगळी खोटी प्रजा एक जानेवारीला जन्मलेली आणि बिनफोनची.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये ही घाण न्यायची नाही असं ठरलं. कप्तानानं दोन ओळींचा नियम लिहिला: जन्म एक जानेवारीचा आणि फोन नंबर नाही, तो पेशंट खोटा, काढून टाका. मी तपासला. आमच्याकडे दवाखान्याच्या माहितीची एक प्रत असायची, खोटा पेशंट खऱ्यात घातला की तो मी तिच्यातही घालायचो; तिच्यावर नियम चालवून बघितला. तीनशे बारा पेशंट निघाले. एकेक नाव बघितलं. अअअ, वांगं, साहेब भोपळे, सगळी आपलीच कार्टी. एकही खरा माणूस नाही. मी पास केला आणि खाली सही ठोकली.

गुरुवारची गोष्ट. शुक्रवारी दोन वाजता सफाई होणार होती, शनिवारी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार होती आणि सोमवारी ते खिडकीवर चालू होणार होतं. आणि त्याच शुक्रवारी चार वाजता मावशींच्या तीन महिन्यांचा निकाल होता. जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडून फुशारकी मारत होतो. "कप्तानानं काय डोकं चालवलंय, मावशी! एक जानेवारीचे सगळे एका फटक्यात उडवायचे. तीनशे बारा. आपल्या प्रतीवर एकही चूक नाही."

मावशींचा घास हातातच राहिला.

"आपल्या प्रतीवर?"

"हो मग? खरी माहिती आपल्याला बघू देतात का? पेशंटची माहिती गुपित असते. आपल्याला देताना नावं, जन्मतारखा सगळं उलटसुलट करून..."

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं, पण मी ते मानायला तयार नव्हतो. मावशी उठल्या होत्या. डबा तसाच उघडा टाकून त्या कप्तानाच्या टेबलाशी गेल्या.

"सफाई थांबव," त्या म्हणाल्या.

कप्तानानं कानातला हेडफोन काढला. "काय?"

"खिडकीवर म्हातारी माणसं येतात. काका विचारतात, जन्मतारीख? कोण म्हणतं, मोठा पूर आला त्या वर्षीचा. कोण म्हणतं, भावाहून दोन वर्षांनी लहान. काका अंदाजानं वर्ष घालतात, पुढचं बटण दाबतात. आणि मशीन काय घालतं? एक जानेवारी. मी तीन महिने बघतेय. फोन नंबर विचारला तर म्हणतात, मुलाचा आहे, पाठ नाही. तुझ्या नियमात ही सगळी माणसं खोटी आहेत."

"पण खुसपटनं पास केलंय," कप्तान म्हणाला.

आता माझं डोकं सणकलं. तीन महिन्यांची पाहुणी, आणि माझ्या सहीवर बोट ठेवते? मी म्हटलं, "मावशी, मी एकेक नाव वाचलंय!"

"वाचलंयस ना. पण ज्या प्रतीत खऱ्या माणसांच्या तारखा बदललेल्या आहेत तीत खरा एक जानेवारीवाला सापडेल कसा? तिथं फक्त तुझेच उरणार."

टेबलाभोवती पोरं जमली होती. कप्तान लाल झाला. "मावशी, सफाई थांबवली तर शनिवार गेला, सोमवार गेला. साहेबांना मी काय सांगू? खिडकीवर बसून एकीला वाटलं म्हणून? आणि बॅकअप असतोच की."

"बॅकअप कपाटात असतो रे. खिडकीवर 'असा पेशंट नाही' असं आलं की काका नवीन नोंद करणार, कोरी. त्या पेशंटला कुठलं औषध चालत नाही ते जुन्या नोंदीत. ते कोण बघणार कपाट उघडून? कधी? काही झाल्यावर?"

कप्तान म्हणाला, "उद्या दोनपर्यंत पुरावा आणा. नाही आणला तर सफाई होणार, आणि चारच्या बैठकीत मला लिहावं लागेल की तुम्ही कामात खोडा घातला."

"लिही," मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी बसमध्ये त्या सगळा वेळ वही उलटत होत्या. उतरताना मला म्हणाल्या, "उद्या आठला खिडकीवर ये. तू पास केलंयस, तर तूच बघ." आणि मग, अगदी हळू, "भीती वाटतेय रे मला. चुकले असेन तर गेले मी."

मी गेलो. त्यांना मदत करायला नाही हं, त्यांना खोटं ठरवायला. माझ्या सहीचा प्रश्न होता.

शुक्रवारी रांग ओसरायला साडेअकरा वाजले. कारकून काकांना खऱ्या माहितीत शोधायची मुभा होती. मावशींनी त्यांना सांगितलं, जन्म एक जानेवारी, फोन नाही, किती निघतात बघा. काकांनी दोन बोटांनी टाइप केलं. मशीन जुनं, ते कण्हत कण्हत शोधायला लागलं. मावशी स्टुलाची कड धरून उभ्या होत्या.

पडद्यावर आकडा आला. सहा हजार चारशे अडतीस.

अहो, माझ्या तोंडचं पाणी पळालं! तीनशे बारा माझी कार्टी वजा केली तरी सहा हजार एकशे सव्वीस माणसं. खरी, हाडामांसाची, म्हातारी माणसं. आणि त्यांना पुसून टाकायच्या कागदावर खाली सही माझी.

"यातले बरेचसे मला चेहऱ्यानं माहीत आहेत," काका यादी खाली सरकवत म्हणाले. "हे वारले. ही बाई दर महिन्याला येते. आणि हे तर आत्ता वर आहेत. दुसरा मजला, चौदा नंबरची खाट."

मी कप्तानाला फोन केला. "ये इकडे."

"आकडा सांगा, मी..."

"आकडा नाही. माणूस दाखवायचाय. ये म्हणतो ना!"

मी त्याच्यावर असा कधी ओरडलो नव्हतो. तो आला. दोन वर्षांत पहिल्यांदा रस्ता ओलांडला पठ्ठ्यानं. काकांनी नर्सबाईंना विचारून आम्हाला वर नेलं. चौदा नंबरच्या खाटेवर एक किडकिडीत आजोबा उशीला टेकून बसले होते, बशीत चहा ओतून फुंकत होते. काकांनी ओळख करून दिली. आजोबांनी पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती.

कप्तानानं घसा खाकरला. "आजोबा, तुमची जन्मतारीख काय?"

"मला काय विचारतोस?" आजोबा म्हणाले. "तेव्हा मी फार लहान होतो."

नर्सबाई फिसकन हसल्या. आजोबांना चेव आला. "सगळ्या गावाच्या घड्याळांची वेळ लावली मी. माझ्याच वेळेची कुणी नोंद केली नाही. या काकांनी एक जानेवारी दिली. बरी आहे, लक्षात राहते."

मावशींनी खाटेच्या पायाशी लटकवलेला कागद कप्तानापुढे धरला. वर लाल शाईची पट्टी. एका इंजेक्शनचं नाव आणि पुढे 'देऊ नये'. नर्सबाई म्हणाल्या, "मागल्या खेपेला ते दिलं होतं तेव्हा सहा दिवस जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून मशीनमध्ये लाल पट्टी येते. मी तीच बघून कागदावर उतरवते."

"आणि मशीनमध्ये नाव नसेल तर?" मावशींनी विचारलं.

"तर मला कसं कळणार?" नर्सबाई म्हणाल्या.

कप्तानानं लाल पट्टी बोट ठेवून वाचली. मग तिथूनच फोन लावला. "सफाई थांबवा. हो, आत्ता. मी सांगतोय म्हणून." फोन ठेवला आणि आजोबांच्या खाटेच्या कडेला मटकन बसला. आजोबांनी त्याला उरलेला चहा देऊ केला. पोराचा चेहराच तसा झाला होता.

सव्वाबारा वाजले होते. सफाई थांबली, पण शनिवार तसाच डोक्यावर. माझे तीनशे बारा काढायचे कसे? मी म्हटलं, मला सगळी नावं पाठ आहेत, मी बापच त्यांचा. पण माझ्याआधीही दहा वर्षं दुसऱ्यांनी घातलेले होतेच की. कप्तान भराभर काहीतरी सुचवत होता, नावांवरून ओळखू, पत्त्यावरून ओळखू. मावशी जिना उतरता उतरता थांबल्या.

"पेशंट कसा आहे ते बघूच नका," त्या म्हणाल्या. "नोंद कुणी केली ते बघा. जुना कोड प्रत्येक नोंदीला करणाऱ्याचं नाव चिकटवतो. एका कोपऱ्यात आहे, कुणाचं लक्ष जात नाही. खिडकीवरच्या माणसानं केलेली नोंद खरी. आपल्यातल्या कुणी केलेली खोटी. संपलं."

कप्तान जिन्यातच उभा राहिला. "हे तुम्हाला कसं..."

"जुना कोड वाचला," मावशी म्हणाल्या.

त्यांनी नियम लिहिला. नऊ ओळी. या वेळी मी प्रतीवर विश्वास ठेवला नाही, काकांच्या शेजारी बसून खऱ्या यादीवर तपासला. तीनशे एकोणीस निघाले. माझे तीनशे बारा आणि माझ्याआधीच्या कुणा महाभागाचे सात. त्यांच्या जन्मतारखा भरलेल्या होत्या म्हणून कप्तानाच्या नियमातून सुटले होते. एकेक नाव काकांनी वाचलं आणि मान हलवली, हा आपला नाही. साहेब भोपळे आला तेव्हा मी खोकलो. खरा माणूस एकही नव्हता. तीन वाजता मी सही केली, आणि सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सही करण्याआधी यादी पुन्हा वरपासून वाचली.

चारला बैठक. साहेबांनी मलाही बोलावलं, कारण सफाई एक तास उशिरा का झाली हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मावशी पाठ ताठ करून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. मी वाट बघत होतो, आता सांगतील, कुणाचा नियम, कुणाची सही. त्यांनी हक्कानं सांगितलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "नियमात एक चूक होती साहेब, ती वेळेवर सापडली."

"नियम माझा होता," कप्तान म्हणाला.

"आणि पास मी केला होता," मी म्हणालो. कसं निघालं तोंडातून कोण जाणे.

मग कप्तानानं सगळं सांगितलं, खाटेपासून लाल पट्टीपर्यंत. स्वतःला वाचवायचा जराही प्रयत्न केला नाही. त्या दिवसापासून मला तो पोरगा आवडतो.

साहेब मख्ख माणूस. पुढ्यातला तक्ता बघत म्हणाले, "तीन महिन्यांत सगळ्यात कमी कोड तुमचा."

"हो," मावशी म्हणाल्या. "त्यातल्या नऊ ओळी आजच्या."

साहेब हसले नाहीत. "सोमवारी खिडकीवर नवीन चालू होऊ दे. मग बघू."

मला इतका संताप आला! मग बघू? अजून काय बघायचं राहिलंय? पण मावशी म्हणाल्या, "ठीक आहे. मग शनिवारी मला अर्धा दिवस हवा. नव्यातही एक गोष्ट करायची राहिलीय."

सोमवारी सकाळी आठला आम्ही सगळे खिडकीमागे. काका टायबिय लावून आले होते. त्यांच्या शेजारच्या स्टुलावर कप्तान स्वतः टाइप करायला बसला होता. कुणी सांगितलं नव्हतं, त्यानंच मागून घेतलं होतं. माहिती सगळी आली होती. एकेक जण आपला मळका कार्डाचा तुकडा खिडकीतून आत सरकवायचा, नंबर घातला की नाव उमटायचं, लाल पट्ट्या असायच्या तिथं लाल पट्ट्या. दहापर्यंत दीडशे माणसं झाली. एकालाही 'असा पेशंट नाही' आलं नाही.

मग एक म्हातारी आली. ठेंगणी, हातात पिशवी. पहिल्यांदाच आली होती, त्यामुळे नवीन नोंद. कप्तानानं नाव घातलं, पत्ता घातला. "आजी, जन्मतारीख?"

"ती कुठली रे बाबा?"

कप्तानाची बोटं थांबली. नवीन सॉफ्टवेअर त्यानंच असं बनवलं होतं की पुरी तारीख घातल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. त्यानं मागे वळून बघितलं. "मावशी, काय घालू?"

मावशी पुढे वाकल्या आणि पडद्यावर बोट ठेवलं. तारखेच्या रकान्याखाली एक नवीन चौकोन होता: 'तारीख माहीत नाही'. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं काम ते. कप्तानानं खूण केली आणि पान पुढे गेलं.

"काय लिहिलंस?" आजींनी विचारलं.

"माहीत नाही, असं."

"अगदी बरोबर," आजी समाधानानं म्हणाल्या.

एवढ्यात साहेब आले. हातात कागद. खिडकीच्या आत डोकावून म्हणाले, "मॅडम, जरा बाहेर येता? सही हवीय."

मावशींनी वर बघितलंच नाही. "दोन मिनिटं साहेब. रांग आहे."

आणि आमचे साहेब, ज्यांच्यासाठी लिफ्ट थांबवतात, ते पिशवीवाल्या आजींच्या मागे गुमान उभे राहिले. मी खोटं सांगत नाही, उभ्या जन्मात मला एवढं समाधान कशात मिळालेलं नाही.

आजींची चिठ्ठी छापून झाली. मग साहेबांचा नंबर आला. त्यांनी कागद आत सरकवला. नोकरी कायम, आजच्या तारखेपासून. खाली आणखी एक ओळ: पुढच्या टप्प्याची प्रमुख. "कप्तानानं सुचवलंय," साहेब म्हणाले. कप्तान मन लावून कीबोर्ड पुसत होता.

मावशींनी तो कागद दोनदा वाचला. सही केली. मग खिडकीमागून बाहेर आल्या, रांगेच्या कडेला उभ्या राहिल्या आणि घरी फोन लावला. "अहो," त्या म्हणाल्या, आणि पुढचं इतक्या मोठ्यांदा ओरडल्या की सगळी रांग वळली. "अहो, कायम झाले मी! प्रमुख झाले!" पलीकडून यजमानांची शीळ ऐकू आली, या वेळी खरीखुरी. मावशी भर गर्दीत डोळे पुसत हसत होत्या, आणि सांगायला लाज कसली, मीही नाक शिंकरत होतो.

आजी अजून तिथंच होत्या. माझी बाही ओढून त्यांनी विचारलं, "काय झालं रे तिला?"

"नोकरी कायम झाली आजी, आजच."

"आज?" आजींनी मावशींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला वाटलं, दवाखाना हिचाच आहे."